आकाशातील गव्हाण : डाळजच्या काठावरून पुष्यातील तारकागुच्छाचे दर्शन

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरच्या दिशेने निघाले की वाटेत डाळज लागते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे, म्हणजेच यशवंतसागराचे पाणी या भागात दूरवर पसरलेले आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी पुण्या-मुंबईकडील अनेक मंडळी भिगवण परिसरात येतात. छायाचित्रे घेतात, ताज्या मासळीचे जेवण करतात आणि अंधार पडण्यापूर्वी परतीच्या वाटेला लागतात. परंतु ज्याला आकाश पाहावयाचे आहे, त्याचा दिवस येथे सूर्यास्तानंतर सुरू होतो. पाण्याकडील बाजूस इमारत नाही, डोंगर नाही. कोरड्या हवेत क्षितिजापर्यंत तारे उतरलेले दिसतात. अशा ठिकाणी उभे राहून आकाशातील एका अंधुक ठिपक्याकडे पाहण्याचे निमंत्रण आम्ही आज वाचकांना देत आहोत.

हा ठिपका पुष्य नक्षत्रात आहे. चंद्र नसलेल्या रात्री तो नुसत्या डोळ्यांनी कापसाच्या लहानशा पुंजक्यासारखा भासतो. चष्म्याच्या काचेवर बोटाचा डाग पडला आहे की काय, असे प्रथम वाटते. पण साधी दुर्बीण डोळ्यांना लावताच तो पुंजका नाहीसा होतो आणि त्याच्या जागी डझनावारी तारे लुकलुकू लागतात. खगोलशास्त्रात अशा समूहाला खुला तारकागुच्छ म्हणतात. मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने १७६९ साली आपल्या यादीत त्याची नोंद केली व त्याला ४४ हा क्रमांक मिळाला. मधमाश्यांचे पोळे या नावानेही तो ओळखला जातो. मात्र त्याचे जुने लॅटिन नाव आपल्याला अधिक जवळचे वाटावे असे आहे. ते नाव आहे प्रेसेपे, म्हणजे गव्हाण.

गव्हाणीचे नाव कोठून आले?

नाताळच्या काळात घरोघरी गव्हाणीचा देखावा मांडणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे नाव ऐकून आनंद होईल. बाळ येशूला गव्हाणीत ठेवल्याचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात आहे आणि त्याच्या लॅटिन भाषांतरात हाच शब्द आलेला आहे. इटलीमध्ये आजही नाताळच्या देखाव्याला प्रेसेपे किंवा प्रेसेपियो म्हणतात.

तरीही येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आकाशातील गव्हाणीला हे नाव बेथलेहेमच्या घटनेवरून पडलेले नाही. ख्रिस्तजन्माच्या पूर्वी, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, अराटस या ग्रीक कवीच्या आकाशवर्णनात गव्हाण व तिच्या दोन्ही बाजूंची दोन गाढवे यांचा उल्लेख येतो. तारे स्वच्छ दिसत असताना गव्हाण मात्र दिसेनाशी झाली, तर वादळ येणार, असा त्या काळच्या शेतकऱ्यांचा व खलाशांचा आडाखा होता. त्यात तथ्यही आहे. हवेत बाष्प वाढू लागले की सर्वांत आधी अंधुक वस्तू दिसेनाशा होतात. गव्हाणीच्या उत्तरेला व दक्षिणेला असलेल्या दोन ताऱ्यांची लॅटिन नावे आजही उत्तरेचे व दक्षिणेचे गाढवाचे शिंगरू अशीच आहेत.

शुभवर्तमानातील जन्मकथेत बैल व गाढव यांचा उल्लेख नाही, हेही येथे आठवावे. बैल आपल्या धन्याला व गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते, हा विचार यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात आहे. त्यावरून ख्रिस्ती परंपरेने ते दोन मुके प्राणी बाळ येशूजवळ आणून उभे केले. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो या गावी गव्हाणीचा देखावा उभारला, तेव्हाही बैल व गाढव तेथे होते. आकाशातील गव्हाण आणि बेथलेहेमची गव्हाण यांचे नाते असे केवळ नावापुरते आहे. पण नाव लक्षात राहिले की वस्तू शोधण्याची ओढ लागते, आणि आमचा हेतू तोच आहे.

कोठे व केव्हा पाहावे?

मार्च महिन्याच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर पाहावे. किंचित वायव्येकडे पुनर्वसूचे दोन ठळक तारे जोडीने दिसतील. पूर्वेकडे मघा नक्षत्राचा तेजस्वी तारा दिसेल. पुनर्वसूच्या जोडीपासून मघेपर्यंत मनाने एक रेघ ओढली, तर तिच्या साधारण मध्यावर, किंचित पुनर्वसूच्या बाजूस, काहीच नसल्यासारखी रिकामी जागा आढळते. ती रिकामी जागा म्हणजेच कर्क राशी, आणि तिच्या मधोमध आपली गव्हाण. गव्हाणीच्या दक्षिणेकडे आश्लेषा नक्षत्राच्या ताऱ्यांचे लहानसे कडे दिसते, त्याचाही खुणेसाठी उपयोग होतो.

डाळजकरांना येथे एक विशेष लाभ आहे. डाळजचे अक्षांश सुमारे १८ अंश उत्तर आहेत आणि हा गुच्छ खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेएकोणीस अंशांवर आहे. त्यामुळे तो येथून जवळजवळ थेट डोक्यावरून जातो. डोक्यावरील ताऱ्याचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतो, म्हणून तो अधिक स्वच्छ दिसतो. युरोपातील ज्या निरीक्षकांनी या गुच्छाचा अभ्यास केला, त्यांना हे भाग्य लाभले नव्हते. त्यांच्याकडे तो दक्षिणेकडे कललेला दिसतो.

नाताळच्या रात्री हा गुच्छ साडेआठच्या सुमारास पूर्वेस उगवतो. मध्यरात्रीची मिस्सा चालू असते, तेव्हा तो पूर्व आकाशात जवळजवळ अर्ध्या उंचीवर आलेला असतो आणि पहाटे तीनच्या सुमारास डोक्यावर पोहोचतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तो संध्याकाळच्या आकाशात सोयीने पाहता येतो. अमावास्येच्या आसपासचे दिवस उत्तम. हा गुच्छ सूर्य, चंद्र व ग्रह यांच्या मार्गाला अगदी लागून आहे. त्यामुळे चंद्र दर महिन्याला त्याच्या जवळून जातो, आणि कधी कधी एखादा ग्रह गव्हाणीच्या दारात पाहुण्यासारखा उभा असलेला दिसतो.

दुर्बीण कशी असावी?

दुर्बीण जितकी मोठी करून दाखवील तितकी चांगली, असा पुष्कळांचा समज असतो. खुल्या तारकागुच्छांच्या बाबतीत तो खरा नाही. हा गुच्छ आकाशात सुमारे दीड अंश पसरलेला आहे, म्हणजे पौर्णिमेचे तीन चंद्र शेजारी शेजारी ठेवले असता जेवढी जागा व्यापतील तेवढा. एखाद्या दुर्बिणीने तो शंभरपट मोठा करून पाहिला, तर समोर पाच-दहा तारे विखुरलेले दिसतील आणि गुच्छ कोठेच दिसणार नाही. गावाची जत्रा पाहावयाची असेल तर एका दुकानात शिरून भागत नाही, थोडे उंचावर उभे राहावे लागते. येथेही तसेच आहे.

म्हणून प्रारंभ द्विनेत्री दुर्बिणीने करावा. सातपट किंवा दहापट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची द्विनेत्री या कामासाठी उत्तम आहे. तिच्या दृष्टिक्षेत्रात गव्हाण आणि दोन्ही गाढवे एकदम मावतात. हात थरथरत असतील, तर पाठीवर निजून किंवा आरामखुर्चीत टेकून पाहावे. गुच्छ डोक्यावर असताना तर हाच उपाय मानेला मानवतो.

दुर्बीण किती पट मोठे दाखवील, हे काढण्याची रीत सोपी आहे. मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागावे. ८० मिलिमीटर व्यासाच्या, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लहान दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली, तर ती सोळापट मोठे दाखवते. सर्वसाधारण नेत्रिकेतून तेव्हा सुमारे तीन अंशांचे आकाश एका वेळी दिसते व संपूर्ण गुच्छ भोवतीच्या काळ्या आकाशासह समोर येतो. हौशी मंडळींत प्रिय असलेल्या सहा इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाच्या दुर्बिणीला तीच नेत्रिका लावली, तर ती अठ्ठेचाळीस पट मोठे दाखवते आणि सुमारे एकच अंश आकाश दिसते. गुच्छाच्या कडा त्यात मावत नाहीत. पण अंधुक तारे पुष्कळ अधिक दिसतात. दोन्हींचे सुख वेगळे आहे.

ज्यांना दुर्बीण विकत घेणे परवडत नाही, त्यांनी निराश होऊ नये. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, तर मुंबईतील खगोल मंडळ १९८५ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना हाताशी धरून आकाश दाखवत आले आहे. अशा संस्थांच्या कार्यक्रमांत मोठ्या दुर्बिणीतून पाहण्याची संधी मिळते. काचेची चकती घासून स्वतःच आरसा बनवण्याची परंपराही महाराष्ट्रातील हौशी मंडळींनी जोपासली आहे.

काही साध्या सूचनाही ध्यानात ठेवाव्यात. अंधारात गेल्यावर डोळ्यांना सरावण्यासाठी वीस ते तीस मिनिटे द्यावीत. भ्रमणध्वनीचा पडदा एकदा उजळला की ही मेहनत वाया जाते. नकाशा पाहण्यासाठी विजेरीला लाल कागद गुंडाळावा. अंधुक ताऱ्याकडे सरळ न पाहता किंचित बाजूला नजर ठेवली, तर तो अधिक चांगला दिसतो. कारण डोळ्यातील अंधारात काम करणाऱ्या पेशी मध्यभागी नसून कडेला अधिक असतात. जलाशयाच्या काठी पहाटे दव पडते, तेव्हा भिंगे झाकून ठेवावीत. ऊसतोडणीनंतर पाचट पेटवलेले असेल, त्या रात्री धुरामुळे फारसे हाती लागत नाही. आणि पाण्याच्या काठाला किंवा उसाच्या कडेला रात्री एकट्याने कधीही जाऊ नये.

नेत्रिकेत काय दिसते?

पहिल्या क्षणी केवळ गर्दी दिसते. घाई केली नाही, तर हळूहळू रचना उमगू लागते. मध्यभागी काही तारे त्रिकोणात बसलेले दिसतात. काही जोडीने आहेत. बहुतेक तारे पांढरे आहेत, पण त्यांत चार-पाच नारिंगी छटेचे तारे वेगळे ओळखू येतात. कागद-पेन्सिल घेऊन दिसेल तेवढे ठिपके काढून पाहावेत. चित्रकला येण्याची गरज नाही. ठिपका काढण्यासाठी तारा नीट पाहावा लागतो, आणि नीट पाहिले की आणखी दोन तारे दिसतात.

हे सारे तारे आपल्यापासून सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूर आहेत. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्यांचा प्रकाश पंधराव्या शतकाच्या आसपास तेथून निघालेला आहे. गुच्छात एकूण सुमारे एक हजार तारे आहेत. ते सर्व एकाच वायुमेघातून, जवळजवळ एकाच काळात, सुमारे ६० ते ७० कोटी वर्षांपूर्वी जन्मले. म्हणून ती एका अर्थाने भावंडेच आहेत. वय एक, अंतर एक, घडण एक. फरक आहे तो केवळ वस्तुमानाचा. अधिक वस्तुमानाचे तारे आपले इंधन लवकर जाळतात व लवकर वार्धक्याकडे झुकतात. ते नारिंगी दिसणारे तारे म्हणजे या कुटुंबातील असेच वृद्ध झालेले राक्षसी तारे होत. ताऱ्यांचे आयुष्य कसे घडते, हे शास्त्रज्ञांनी मोठ्या प्रमाणात अशा गुच्छांवरूनच जाणले.

२०१२ साली या गुच्छातील सूर्यासारख्या दोन ताऱ्यांभोवती गुरूसारखे महाकाय ग्रह फिरत असल्याचे आढळले. तारकागुच्छातील सूर्यसदृश ताऱ्यांभोवती सापडलेले ते पहिले ग्रह होत.

ही भावंडे कायम एकत्र राहणार नाहीत. आकाशगंगेच्या ओढीने खुले गुच्छ हळूहळू विस्कटत जातात. गाइया या युरोपीय अवकाशयानाने केलेल्या मोजमापांवरून २०१९ साली दिसून आले की, गव्हाणीतून निसटलेल्या ताऱ्यांच्या दोन लांब शेपट्या तिच्या पुढे व मागे पसरलेल्या आहेत. कृत्तिकांचा गुच्छ सुमारे दहा कोटी वर्षांचा, म्हणजे या गुच्छाहून बराच लहान आहे. उलट, कर्क राशीतच असलेला मेसिए ६७ हा गुच्छ सुमारे चार अब्ज वर्षे टिकून राहिला आहे. लहान दुर्बिणीतून तो आश्लेषेच्या जवळ फिकट धुक्यासारखा दिसतो. आपला सूर्यही अशाच एखाद्या समूहात जन्मला असावा, असे मानले जाते. त्याची भावंडे आता कोठे आहेत, हे कोणालाही ठाऊक नाही.

१६११ सालातील एक प्रश्न व त्याचे उत्तर

या गुच्छाचा आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी एक संबंध आहे व तो फारसा सांगितला जात नाही. गॅलिलिओने मार्च १६१० मध्ये व्हेनिस येथे आपले छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने लिहिले की, गव्हाण हा धुक्याचा पुंजका नसून चाळिसाहून अधिक लहान ताऱ्यांचा समूह आहे. त्यांपैकी ३६ तारे त्याने चित्रात दाखवले. त्याच्या दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र इतके अरुंद होते की, त्याला हा गुच्छ तुकड्या-तुकड्यांनी पाहावा लागला.

पुष्कळांचा या बातमीवर विश्वास बसला नाही. काचेत दिसते ते काचेतलेच खोटे असेल, असे काही म्हणत. तेव्हा कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन यांनी १९ एप्रिल १६११ रोजी रोममधील येशूसंघीय महाविद्यालयाच्या गणितज्ञांना पत्र लिहून विचारले की, ही निरीक्षणे खरी आहेत काय? ग्रेगरी दिनदर्शिकेच्या कामात मोठा वाटा असलेले फादर ख्रिस्तोफर क्लाव्हियस व त्यांचे तीन सहकारी यांनी पाचच दिवसांत, २४ एप्रिल रोजी उत्तर दिले. त्यांनी स्वतः दुर्बिणीतून पाहिले होते. कर्केतील पुंजक्यात व कृत्तिकांत खरोखर पुष्कळ तारे दिसतात, असे त्यांनी कळवले. मात्र संपूर्ण आकाशगंगा बारीक ताऱ्यांचीच बनली आहे, याविषयी आपली तेवढी खात्री नाही, असेही प्रामाणिकपणे नमूद केले. आकाशगंगेच्या बाबतीत गॅलिलिओचे म्हणणेच खरे होते, हे पुढे सिद्ध झाले. परंतु त्या धर्मगुरूंनी पाहिले तेवढेच सांगितले आणि जे निश्चित नव्हते ते निश्चित नाही असे म्हटले, हे त्यांचे मोठेपण होय.

पुढील इतिहास दुःखद आहे. १६१६ साली सूर्यकेंद्री मताला मनाई झाली आणि १६३३ साली गॅलिलिओला दोषी ठरवण्यात आले. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या काळच्या ईशज्ञान्यांची चूक जाहीरपणे मान्य केली. या दोन घटनांमधील काळ साडेतीन शतकांहून अधिक आहे. १६११ सालच्या त्या पत्रातील वृत्ती टिकली असती, तर एवढा काळ लागला नसता असे आम्हास वाटते. श्रद्धावंताला सत्याचे भय नसावे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी नव्याने उभारलेली व्हॅटिकनची वेधशाळा आजही याच भावनेने काम करीत आहे.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. आकाशाचा अभ्यास म्हणजे भविष्यकथन नव्हे. ताऱ्यांवरून भविष्य जाणण्याचा प्रयत्न श्रद्धेला धरून नाही, असे कॅथोलिक धर्मशिक्षण सांगते. परंतु त्यामुळे आपल्या काही घरांत नक्षत्रांची नावे घेण्याचाही संकोच आढळतो, तो अनाठायी आहे. ईयोब व आमोस यांच्या ग्रंथांत कृत्तिका व मृगशीर्ष यांचे उल्लेख आलेले आहेत. पुष्य, मघा, आश्लेषा ही आपल्या भाषेची नावे आहेत. पेरणी-पावसाच्या बोलण्यात ती शेतकऱ्यांच्या तोंडी सहज येतात. ती मुलांना शिकवावीत व त्या ताऱ्यांकडे बोट दाखवावे.

काळोखाची राखण

एवढे सांगितल्यावर एक चिंता बोलून दाखवली पाहिजे. हा गुच्छ नुसत्या डोळ्यांना दिसतो तो केवळ काळ्या आकाशातच. पुण्यासारख्या शहरातून त्याचा पुंजका दिसत नाही. तेथे वाढलेल्या अनेक मुलांनी तो कधी पाहिलेलाच नाही. महामार्गालगतच्या गावांतही हॉटेलांचे, पेट्रोल पंपांचे व जाहिरात फलकांचे प्रखर दिवे वाढत आहेत. त्यांचा पुष्कळसा उजेड रस्त्यावर न पडता वर जातो व कोणाच्याही उपयोगी पडत नाही. अराटसच्या काळी गव्हाण दिसेनाशी झाली की वादळाची खूण समजत. आज ती दिसेनाशी झाली, तर तो आपल्याच दिव्यांचा परिणाम असेल.

उजेड नको, असे आमचे म्हणणे नाही. रात्री कामावरून परतणाऱ्या भगिनीला व शेताला पाणी देण्यासाठी जाणाऱ्या शेतकऱ्याला रस्त्यावर उजेड हवाच. पण दिव्याला वरून झाकण असावे, त्याचा झोत खाली असावा आणि गरज संपल्यावर तो मालवावा, एवढे तर आपल्या हाती आहे. चर्चच्या व शाळेच्या आवारापासून त्याचा प्रारंभ करता येईल.

आमची एक साधी सूचना आहे. ज्या वर्षी नाताळच्या रात्री चंद्र आड येणार नाही, त्या वर्षी खेड्यापाड्यांतील आपल्या धर्मग्रामांनी मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर आवारातील मोठे दिवे दहा-पंधरा मिनिटे मालवावेत. एखाद्याने द्विनेत्री आणावी. मुलांनी गव्हाणीतील बाळ येशूला वंदन करून बाहेर यावे आणि पूर्वेकडे वर पाहावे. तेथे दुसरी गव्हाण असेल. आधी एक अंधुक ठिपका, आणि भिंगातून पाहताच एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचे भरलेले घर. त्या वेळी मुलांना फार काही समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. रांगेत उभे राहून प्रत्येकाला आपल्या पाळीने पाहू द्यावे, आणि ज्याला किती तारे दिसले तेवढेच त्याने सांगावे.